ओल्या घरातला गवंडी

कामावर त्याला सगळे ओळंबा म्हणत. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं वजन. भिंतीशेजारी सोडलं की आधी हलतं, मग थांबतं, आणि भिंत कुठं वाकडी आहे ते दाखवतं. बोलत मात्र नाही. ज्यानं हे नाव ठेवलं त्यानं विचार करून ठेवलं होतं.

गिलावा हे त्याचं काम. भिंत कुणीही उभी करो, तिच्यावर कातडी चढवायची ती ओळंब्यानं. पाणी अंदाजानं ओतणारा माणूस त्याला हाताखाली चालत नसे. आणि सिमेंट-वाळूचा कालवलेला माल एकदा भिंतीवर चढला की मग माणसाचं काही चालत नाही, मालाचं चालतं. तो घोटायचा लाकडी रंधा लवकर फिरवला तर माल ओघळतो. उशीर केला तर दगड झालेला असतो, त्यावर घाम गाळून उपयोग नाही. मधली वेळ असते ती थोडी. तेवढ्यात आभाळ कोसळलं तरी गवंड्यानं मान वळवायची नाही. मुकादमानं हाक मारो नाहीतर मालकानं, बांबूच्या परांचीवरून उत्तर एकच यायचं, "माल ओला आहे."

एकदा मुकादम वैतागून म्हणाला, "लग्नाच्या दिवशी बायकोनं हाक मारली, तेव्हाही हेच सांगितलंस काय रे?"

वरून आवाज आला, "त्या दिवशी माल आणला नव्हता."

एवढं लांब वाक्य त्याच्या तोंडून निघालं म्हणून खालची माणसं दिवसभर हसत होती.

त्याची बायको घरगुती संगणकांच्या कारखान्यात होती. टीव्हीला जोडायचे ते पहिले संगणक. चपटं खोकं, वर बटणं, आणि लिहिलेलं जपून ठेवायला साधा टेपरेकॉर्डर. ती आतल्या पट्टीवर बारीक भाग डाग देऊन बसवायची. तपासणीत नापास झालेली यंत्रं कारखाना कामगारांना घरी नेऊ द्यायचा. तिच्या वाट्याला आलं त्याचं एक बटण दाबलं की आतच रुतून बसायचं. ते ती टाचणीनं उचलायची. सोबतचं पुस्तक वाचून ती प्रोग्राम लिहायला शिकली. कुणी शिकवलं नाही. विणकाम शिकतात तशी शिकली, उसवून आणि पुन्हा घालून.

घर ओळंब्यानं स्वतः बांधलं होतं. पुढं दोन खोल्या, मधे बोळ, मागं एक लहान खोली. सुट्टीच्या दिवशी तो आपल्या घराचा गिलावा करायचा. पुढच्या सुट्टीला ओळंबा सोडून बघायचा, कुठंतरी नखभर पोट आलेलं दिसायचं, आणि छिन्नी घेऊन सगळं खाली पाडायचा. दुसऱ्याच्या घरात त्यानं कधी वाकडं ठेवलं नाही, मग आपल्या घरात कसं ठेवणार. त्यामुळं वर्षानुवर्षं त्या घराची एक ना एक भिंत ओलीच असायची. ती टीव्ही, संगणक आणि टेपरेकॉर्डर उचलून या खोलीतून त्या खोलीत हलवायची. शेजारणीला म्हणायची, "या घरात राहतात भिंती. आम्ही आपले पाहुणे."

त्याच्या सुट्टीला तिचा कारखाना चालू असे; दुपारी तिथून आली की तो काम करत असेल त्याच खोलीत ती एक घमेलं पालथं घालून बसायची. मांडीवर फळी, फळीवर यंत्र. तो भिंतीकडं तोंड करून काम करणार, ती त्याच्या पाठीकडं तोंड करून. दोघांचंही काम चालू. मधेच ती म्हणायची,

"अहो, ऐकलंत का?"

"माल ओला आहे."

मग बटणांचा आवाज पुन्हा सुरू व्हायचा. माल धरला, रंधा फिरला, थापी धुऊन झाली की तो वळायचा. "हं, बोल." मनापासून म्हणायचा. त्या वेळी त्याला ऐकायचं असायचं.

"काही नाही," ती म्हणायची. "जेवून घ्या."

असं किती वेळा झालं ते कुणी मोजलं नाही. त्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. काही नाही म्हणजे काही नाही.

तिनं एक खेळ तयार केला. त्याचं नाव 'ओलं घर'. चित्रं नव्हती, नुसते शब्द. पडद्यावर लिहून यायचं की तुम्ही बोळात उभे आहात, उत्तरेला दार आहे. खेळणाऱ्यानं लिहायचं, उत्तरेला जा, दार उघड, कंदील घे. घरातून वाट काढत मागच्या बंद दारापर्यंत पोचायचं आणि बाहेर पडायचं. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानदारानं त्याच्या कॅसेटी करून विकल्या. बऱ्याच गेल्या. वेष्टणावरचं दार तिनंच पेनानं काढलं होतं.

"एकदा खेळून बघा ना," ती म्हणाली होती.

"ही भिंत होऊ दे," तो म्हणाला. भिंत झाली. मग दुसरी काढली.

नंतर एक दिवस ती कारखान्यातून लवकर आली. तो मागच्या खोलीत होता, माल नुकताच चढवलेला. ती दारात उभी राहिली. "अहो, जरा बोलायचं होतं." तो म्हणाला, माल ओला आहे. ती तशीच उभी राहिली. नेहमीपेक्षा जास्त वेळ. मग आत गेली. हात धुऊन तो स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, "हं, बोल." ती भाकऱ्या थापत होती. "काही नाही," म्हणाली. डॉक्टरनं त्या दिवशी तिला काय सांगितलं होतं ते तिनं शाळेत जाणाऱ्या लेकीला सांगितलं, आणि त्याला ते पुढं लेकीकडून कळलं. वर्ष पुरं व्हायच्या आत ती गेली.

मागच्या खोलीचा गिलावा खिडकीशेजारी थोडा फुगलेला आहे. तो त्यानं पाडला नाही. घरातली तेवढी एकच भिंत वाकडी राहिली.

लेक मोठी झाली, इस्पितळात परिचारिका झाली, लग्न करून पलीकडच्या गल्लीत राहायला गेली. ओळंब्याचे गुडघे गेले, परांची सुटली. आणि एक दिवस लेकीला एका बाईचा फोन आला. लहानपणी ती आणि तिचा भाऊ 'ओलं घर' खेळायचे. आता ती स्वतः खेळ बनवायचं काम करत होती आणि हाच खेळ तिला नव्यानं करायचा होता. आजच्या यंत्रांवर चालेल असा, रंगीत, आवाजासकट. तो लिहिणारीच्या घरच्यांची संमती हवी होती.

बाई लॅपटॉप घेऊन घरी आली. चाळिशी ओलांडलेली, चष्मा कपाळावर. तिनं पडद्यावर घर दाखवलं. उंच जिने, कमानी, भिंतींवर हलणाऱ्या सावल्या. ओळंबा बराच वेळ बघत होता.

"ही भिंत कुणी केली?"

"चित्रकारानं, काका. आवडली?"

"कोपरा गोल आलाय. आणि जिन्याच्या खाली टेकू नाही. कुणी चढलं की खाली येईल."

"बाबा, खेळ आहे तो," लेक म्हणाली.

"खेळ असला म्हणून काय झालं, माणसं चढणारच ना."

बाई हसली. तिनं ते लिहून घेतलं, वरवर नाही, खरंच लिहून घेतलं. मग तिनं पुढची खोली उघडली. तिथं एक देखणा माणूस भिंतीला गिलावा करत होता. मिशी पिळदार, दंड फुगलेले. बाईनं त्याच्यावर टिचकी मारली. तो झट्‌कन वळला, दात दाखवून हसला आणि कमरेची किल्ली काढून दिली.

"हा कोण?" ओळंब्यानं विचारलं.

लेकीनं ओठ दाबले. "तुम्ही, बाबा."

"मी?"

"आईच्या खेळात गवंडी आहे. मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल."

"असा रंधा धरला तर मनगट जाईल," ओळंबा म्हणाला. पण तो पडद्याजवळ सरकला. "तिनं लिहिलेला असाच आहे? हसतो?"

बाई खुशीत आली. आठवणी निघाल्या की माणूस सैल होतो. "छे हो काका. जुना एकदम खडूस होता. काहीही लिहा, त्याचं एकच उत्तर, 'माल ओला आहे.' आम्ही भावंडांनी काय काय केलं. चहा दिला, शिव्या दिल्या, घराला आग लागली म्हणून सांगितलं. माल ओला आहे. शेवटी कळलं, त्याच्याशी बोलायचंच नाही. पाठीमागून जाऊन किल्ली काढून घ्यायची, त्याला पत्ता लागत नाही. सगळे तसंच खेळायचे."

लेकीनं तिला डोळ्यानं खुणावलं, पण वाक्य बाहेर पडून गेलं होतं.

ओळंबा उठला. "कागद ठेवून जा," म्हणाला, आणि मागच्या खोलीत गेला.

संमतीचा कागद टेबलावर तसाच पडून राहिला. लेक रोज कामावरून येता-जाता डोकावायची. चौथ्या की पाचव्या दिवशी ती म्हणाली, "बाबा, आई थट्टा करायची. तुम्हाला माहितेय."

"थट्टा तोंडावर करतात."

"तुम्ही तोंड कुठं दाखवायचात?"

तो हसला नाही. म्हणाला, "जगभर पोरांना सांगून ठेवलं तिनं. हा माणूस बोलायच्या लायकीचा नाही, मागून जा आणि काय हवं ते काढून घ्या. एवढे दिवस माझ्या पाठीमागं बसून हेच लिहीत होती." मग आणखी हळू, "असेल. तिला तसंच वाटत असेल. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही."

लेक घरी गेली. तिनं बाईला फोन करून सांगितलं, बाबा सही करतील असं वाटत नाही, आणि का ते.

दुसरी कुणी असती तर गवंडी काढून टाकते म्हणाली असती आणि विषय मिटवला असता. या बाईनं तसं केलं नाही. आतापर्यंत तिनं जुना खेळ खेळून बघून नवा केला होता. वरवरचं माप घेऊन कपडा शिवतात तसं. आता तिनं जुन्या कॅसेटवरचा प्रोग्राम सगळा काढला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला बसली. त्या काळचं लिखाण, जागा वाचवायला एकात एक कोंबलेलं. दुसऱ्याची शिवण उसवायला किती डोळे लागतात ते उसवणाऱ्यालाच कळतं. आठवडाभरानं ती पुन्हा दारात उभी राहिली. चष्मा या वेळी नाकावर होता.

"काका, मी अर्धवट सांगितलं होतं. मला पूर्ण माहीत नव्हतं."

ओळंब्यानं तिला बसायला खुर्ची दिली. लेकही आलेली होती.

"आत एक भाग आहे. तिथं आम्ही कुणीच पोचलो नाही. खेळून बघताना तो दिसतच नाही, म्हणून नव्या खेळात आलाच नाही." तिनं लॅपटॉप उघडला. काळ्या पडद्यावर जुनी पांढरी अक्षरं आली. तिनं भराभर लिहून बोळ ओलांडला आणि यंत्र त्याच्याकडं सरकवलं. "आता तुम्ही. 'थांब' असं लिहायचं."

पडद्यावर होतं, "गवंडी भिंतीकडं तोंड करून काम करतो आहे. माल ओला आहे."

त्यानं एका बोटानं अक्षरं शोधली. थांब.

"भिंत पाण्यासारखी चमकते आहे. तुझ्या कंदिलातलं तेल कमी होतं आहे."

"म्हणून कुणी थांबत नसे," बाई म्हणाली. "दर चालीला तेल जळतं. तेल संपलं की खेळ संपला असंच सगळे समजायचे."

थांब.

"चमक मावळली. बोट लावलंस तर ठसा उमटेल. लावू नकोस."

ओळंब्याचं बोट बटणावर तसंच राहिलं. त्यानं कधी कुणाला हे शिकवलं नव्हतं. हाताखालच्या माणसांनाही नाही, ज्याचं त्यानं बघून शिकायचं. तिनं पाठीमागं बसून बघितलं होतं. बरोबर बघितलं होतं.

थांब. "भिंत राखाडी झाली. तो रंधा उचलतो." थांब. "रंधा गोल फिरतो आहे. हा आवाज तुला आवडतो." थांब. "कंदील विझला. अंधार आहे."

"इथं आम्ही सगळे यंत्र बंद करायचो," बाई म्हणाली.

अंधारात ओळंबा थांबला. त्यानं पुन्हा तोच शब्द लिहिला, पुन्हा लिहिला. मग पडद्यावर आलं:

"पाण्याचा आवाज. गवंडी थापी धुतो आहे. तो वळतो. म्हणतो, हं, बोल."

लेकीनं तोंडावर पदर धरला.

"आता काय लिहायचं?" ओळंब्यानं विचारलं. आवाज नेहमीचाच होता.

"काहीही. बाकी खेळात दोन शब्दांपलीकडं यंत्राला कळत नाही. इथं पूर्ण ओळ लिहिली तरी घेतं. आणि दर वेळी एकच म्हणतं, 'गवंडी ऐकतो आहे. आणखी?' कितीही लिहा, तो ऐकत राहतो. काम पुन्हा सुरू करत नाही."

"कधीपर्यंत?"

बाईनं पडद्याकडं बघितलं. "'काही नाही' असं लिहीपर्यंत. ते लिहिलं की तो थापी उचलतो आणि भिंतीकडं वळतो."

लेक उठून स्वयंपाकघरात गेली. नळ सोडल्याचा आवाज आला.

"याचा खेळात काही उपयोग नाही, काका," बाई म्हणाली. "किल्ली मिळत नाही, दार उघडत नाही. हे काकूंनी खेळणाऱ्यांसाठी लिहिलेलं नाही."

ओळंब्यानं ती ओळ पुन्हा वाचली. मग त्यानं विचारलं, "ती इथं बसून लिहीत असेल?"

"लिहीत असणार. हा भाग त्यांनी मधेमधे ओळी घुसवून पुन्हा पुन्हा सुधारलाय. वापरल्याशिवाय इतकं कुणी सुधारत नाही."

"मग ते कुठं आहे? तिनं लिहिलेलं?"

बाईनं चष्मा काढला. तिला हा प्रश्न येणार हे ठाऊक असावं.

"ते राहत नाही, काका. या भागात लिहिलेलं ते यंत्र टेपवर साठवत नव्हतं. आलं की घ्यायचं आणि पुसून टाकायचं. बंद केलं की काहीच उरत नसे."

"काहीच नाही?"

"नाही."

त्यानं मान हलवली. माल वाया गेला की हलवायचा तशी. पाडलेला गिलावा पुन्हा कालवून भिंतीला लागत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक.

शेवटी तो म्हणाला, "नव्यात हे घाला. तो दात काढणारा काढून टाका."

"घालते. थांबणं थोडं कमी करू का? आजकाल एवढा वेळ कुणी थांबत नाही. माणसं सोडून जातात."

"जाऊ देत."

"आणि अंधार?"

"अंधारही ठेवा. ती बसायची तेव्हा मी दिवा लावून द्यायला वळत नव्हतो."

त्यानं कागदावर सही केली. अक्षर सरळ होतं.

नवा खेळ आला. जिन्याखाली टेकू आला होता, कोपरे सरळ धारेचे झाले होते. गवंडी पाठमोरा होता, साधा, खांद्याला थोडा वाकलेला. लेकीनं ओळंब्याला एक टॅबलेट आणून दिला. खेळणारे काय लिहितात ते ती वाचून दाखवायची. एकजण म्हणत होता, गवंड्याच्या खोलीत खेळ अडकतो, दुरुस्त करा. दुसऱ्यानं लिहिलं होतं, किल्ली मागून काढून घ्या आणि चला.

"घेऊ देत," ओळंबा म्हणाला. "किल्ली त्यासाठीच ठेवलीय."

दुपारी, ती कारखान्यातून यायची त्या वेळी, तो मागच्या खोलीत फुगलेल्या भिंतीशेजारी बसतो. टॅबलेट मांडीवर. थांब, थांब, थांब. चमक जाते, रंधा फिरतो, अंधार होतो, पाण्याचा आवाज येतो. गवंडी वळतो.

हं, बोल.

पहिले कित्येक दिवस त्यानं पुढं काही लिहिलं नाही. काय लिहिणार, गवंडी तो स्वतःच होता. एका दुपारी लेक जेवायला बोलवायला आली तेव्हा तो वाकून एकेक अक्षर दाबत होता. तिनं खांद्यावरून बघितलं. त्यानं लिहिलं होतं, "तू बोल."

खाली उत्तर आलं होतं, "गवंडी ऐकतो आहे. आणखी?"

तो त्या ओळीकडं बघत बसला होता. 'काही नाही' लिहिल्याशिवाय ते मिटणार नव्हतं, आणि ते दोन शब्द त्याच्या बोटाला येत नव्हते.

"बाबा, पानं वाढलीत."

"थांब जरा," तो म्हणाला.

लेकीनं कोपऱ्यातलं घमेलं ओढलं, पालथं घातलं आणि त्याच्या पाठीमागं बसली.